महापौर कोणी निवडावा? सरकारी नियुक्ती, नगरसेवकांचे मत आणि थेट मतदान : मुंबईकरांसाठी तुलनात्मक आढावा

मुंबई महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या जवळजवळ चार वर्षांत शहराला महापौर नव्हता, स्थायी समिती नव्हती आणि प्रभागात नगरसेवकही नव्हता. राज्य सरकारने नेमलेले आयुक्त हेच प्रशासक होते, त्यामुळे प्रस्ताव मांडणारा आणि तो मंजूर करणारा अधिकारी एकच होता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही याच पद्धतीने मंजूर झाला. या काळात रहिवासी संघांच्या बैठकांतून आणि पक्षांच्या व्यासपीठांवरून ‘महापौर थेट जनतेने निवडावा’ ही मागणी वारंवार पुढे आली. एखाद्या नागरिक मंचाच्या वतीने शासनाला निवेदन द्यायचे आहे किंवा या मागणीवर सही करायची की नाही हे ठरवायचे आहे, अशा वाचकासाठी हा आढावा आहे.

एक खुलासा आधीच केलेला बरा. फ्रान्स, नेदरलँड्स किंवा कोरियात महापौराच्या निवडीवर केंद्राचा ताबा म्हटले की राष्ट्रीय राजधानीतले सरकार अभिप्रेत असते. आपल्याकडे नगरपालिका हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे मुंबईपुरते ‘वरचे सरकार’ म्हणजे मंत्रालय. अपवाद दिल्लीचा आहे आणि त्याचा उल्लेख पुढे येईल. तुलना करताना केवळ ‘निवडतो कोण’ एवढेच पाहिले तर फसगत होते. काढतो कोण, फाइलवर शेवटची सही कोणाची आणि पद रिकामे झाल्यावर शहर कोणाच्या हाती जाते, हे तीन प्रश्न प्रत्येक पद्धतीला विचारले पाहिजेत, आणि माझ्या मते खरा निकाल त्यांच्याच उत्तरांत आहे.

सरकारने नेमलेला महापौर

या पद्धतीचा सर्वांत लांब आणि सर्वांत बोलका इतिहास फ्रान्सचा आहे. क्रांतीनंतर १७८९ च्या डिसेंबरमध्ये तेथे महापौर निवडून देण्याचा अधिकार करदात्या नागरिकांना मिळाला. नेपोलियनने १८०० च्या कायद्याने तो काढून घेतला. पाच हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांचे महापौर तो स्वतः नेमू लागला आणि लहान गावांचे महापौर जिल्ह्याचा सरकारी प्रमुख, म्हणजे प्रिफेक्ट, नेमू लागला. १८३१ मध्ये तडजोड झाली. नेमणूक राजाची किंवा प्रिफेक्टची राहिली, पण माणूस निवडून आलेल्या परिषदेतलाच असला पाहिजे असे ठरले. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात हे बंधनही सैल झाले आणि परिषदेबाहेरची व्यक्ती महापौर होऊ शकली. साम्राज्य कोसळल्यावर १८७१ मध्ये प्रजासत्ताकाने लहान गावांना निवडीचा हक्क दिला. मात्र वीस हजारांहून मोठी शहरे आणि जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे यांचे महापौर सरकारनेच नेमायचे, हा हट्ट त्या वेळचे सरकारप्रमुख तिएर यांनी राजीनाम्याची धमकी देऊन पदरात पाडून घेतला. १८७३ मध्ये राजसत्तावाद्यांचे सरकार आले आणि १८७४ मध्ये सगळीच गावे पुन्हा सरकारी नियुक्तीखाली गेली. १८७६ मध्ये निम्मी माघार घेतली गेली आणि १८८२ मध्ये पॅरिस वगळता सर्वत्र परिषदेने महापौर निवडण्याची पद्धत कायम झाली. जर्मन ताब्याच्या काळातल्या विशी सरकारने १९४० मध्ये मोठ्या गावांत नियुक्ती पुन्हा आणली आणि तीही त्या सरकारबरोबरच संपली.

हा हेलकावा मुद्दाम सविस्तर सांगितला, कारण त्यात एक सूत्र दिसते. सरकार जितके स्वतःविषयी साशंक, तितका महापौर नेमण्याचा त्याचा आग्रह मोठा. लहान गावाला सूट आणि मोठ्या शहराला बंधन हा क्रमही नेहमीचाच, कारण मोठे शहर हातातून गेले तर राजकारणच हातातून जाते, हे सत्ताधाऱ्यांना नीट कळते.

सरकारी नियुक्तीच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. नेमलेला माणूस झपाट्याने काम करतो, कारण त्याला नगरसेवकांची मनधरणी करावी लागत नाही. पॅरिसमध्ये १८५३ ते १८७० या काळात प्रिफेक्ट ओस्मान यांनी रुंद रस्ते, गटारे आणि उद्याने उभी केली. त्याच सुमारास, म्हणजे १८६५ च्या कायद्याने, मुंबईला पहिले पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड मिळाले आणि त्यांनीही शहराची स्वच्छता, रस्ते आणि आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखला जाणारा बाजार यांचा धडाका लावला. दोघांच्या कारकिर्दीचा शेवटही सारखाच झाला. खर्च आणि कर्ज यांवरून ओरड झाली, ओस्मान १८७० च्या जानेवारीत पदावरून गेले आणि क्रॉफर्ड १८७१ मध्ये. दोघांचीही बांधकामे उभी राहिली, पण हिशेब विचारण्याचा अधिकार ज्यांना हवा होता त्यांना तो वेळेवर मिळाला नाही.

सेऊलचा अनुभव याहून जवळचा आणि अधिक कठोर आहे. १९६१ च्या लष्करी उठावानंतर कोरियात स्थानिक निवडणुका बंद पडल्या आणि राजधानीचा महापौर सरकार नेमू लागले. १९६६ ते १९७० या काळातले महापौर किम ह्यॉन-ओक यांना लोक ‘बुलडोझर’ म्हणत. उड्डाणपूल आणि झोपडपट्टीच्या जागी इमारती, सारेच विक्रमी वेगाने उठत होते. ८ एप्रिल १९७० रोजी त्यांच्या कार्यक्रमातून उभी राहिलेली वाऊ येथील एक नवी निवासी इमारत कोसळली, तीसहून अधिक माणसे दगावली आणि महापौरांना जावे लागले. ऑक्टोबर १९९४ मध्ये सोंगसू पूल भर सकाळच्या गर्दीत तुटून ३२ जण गेले, तेव्हाही सरकारने महापौरांना तातडीने दूर केले. नियुक्त महापौराला काढणे सोपे असते, हा या पद्धतीचा गुण म्हणून सांगितला जातो. मात्र काढण्याचा निर्णय घेणारे तेच सरकार असते ज्याने घाईची कामे मागितलेली असतात, त्यामुळे दोष एका माणसावर टाकून मोकळे होता येते. पुनर्विकासाच्या इमारतींवर मजल्यांमागून मजले चढताना रोज पाहणाऱ्या मुंबईकराने हा दाखला लक्षात ठेवावा.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. मुंबईचा पालिका कायदा झाला त्याच वर्षी, १८८८ मध्ये, जपाननेही शहरांसाठी कायदा केला. परिषदेने तीन नावे सुचवायची आणि अंतिम निवड वरून व्हायची, अशी रीत होती. टोकियो, ओसाका आणि क्योतो या तीन बड्या शहरांना मात्र १८९८ पर्यंत तेवढेही मिळाले नाही, कारण तेथे सरकारी प्रांताधिकारीच महापौराचे काम पाहत होता. युद्धकाळात १९४३ मध्ये तर टोकियो शहराची पालिकाच प्रांतात विलीन करून तिच्या डोक्यावर सरकारी प्रमुख बसवला गेला. थेट निवडणूक आली ती १९४७ मध्ये.

नेमणूक राजाची, शिफारस परिषदेची

नेदरलँड्सची पद्धत आपल्याकडे फारशी चर्चेत नसते, पण निर्णय घेणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे, कारण कागदावर ती पूर्ण केंद्रीय आणि व्यवहारात बरीचशी स्थानिक आहे. तेथे महापौर आजही राजाच्या आदेशाने सहा वर्षांसाठी नेमला जातो. मात्र शहराची परिषद एक गोपनीय समिती नेमते, ती अर्जदारांच्या मुलाखती घेते, परिषद दोन नावे क्रमाने पाठवते आणि सरकार सहसा पहिलेच नाव मान्य करते. महापौर परिषदेच्या बैठका चालवतो आणि सार्वजनिक सुव्यवस्था त्याच्याकडे असते. पक्षीय धोरण मात्र परिषदेने नेमलेल्या पदाधिकाऱ्यांकडे राहते.

ही रचना बदलून थेट निवडणूक आणण्याचा प्रयत्न मार्च २००५ मध्ये वरिष्ठ सभागृहात फसला आणि त्या खात्याच्या मंत्र्याने राजीनामा दिला. काही शहरांनी सल्लादायी सार्वमत घेऊन पाहिले. ऑक्टोबर २००७ मध्ये उट्रेख्टमध्ये मतदारांपुढे ठेवलेले दोन्ही उमेदवार एकाच पक्षाचे होते, तेव्हा मतदान दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचले नाही आणि पुढच्या वर्षी असे सार्वमत घेण्याची सोयच बंद झाली. लोकांना मत देण्याची संधी दिली, पण निवड करण्यासारखे काही दिले नाही, तर ते घरी बसतात, इतकाच त्याचा अर्थ. २०१८ मध्ये राज्यघटनेतून ‘राजाने नेमावा’ हे बंधन काढले गेले. म्हणजे आता साध्या कायद्याने पद्धत बदलता येते, पण ती अजून बदललेली नाही.

या पद्धतीची कमकुवत बाजू गुप्ततेची आहे. अर्जदारांची नावे बाहेर फोडणे तेथे गुन्हा आहे आणि २०१२ मध्ये रूरमोंड शहरात मुलाखतीचे प्रश्न एका इच्छुकाला आधीच कळवल्याचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मुंबईत अशी बंद दाराआडची निवड झाली तर ती परिषदेची न राहता पक्षश्रेष्ठींची होईल, याविषयी मला तरी शंका नाही. मात्र हीच पद्धत महापौरासाठी न वापरता आयुक्तासाठी वापरली तर? सरकारने तीन पात्र अधिकाऱ्यांची नावे पाठवावीत आणि सभागृहाने त्यातून एक निवडावा, ही मागणी थेट महापौराच्या मागणीइतकी आकर्षक नाही, पण तिचा उपयोग अधिक होईल.

नगरसेवकांनी निवडलेला महापौर

मुंबईची आजची पद्धत हीच. तिची वंशावळ मात्र पाहण्यासारखी आहे, कारण ‘आयुक्त हे इंग्रजांनी लादलेले जोखड’ हा नेहमीचा समज पुरता खरा नाही. क्रॉफर्ड प्रकरणावरून १८७१ मध्ये वाद पेटला, तेव्हा अनेक करदात्यांना आयुक्तपदच नको होते. तरुण फिरोजशहा मेहतांनी मात्र फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये वाचलेल्या निबंधात उलट बाजू मांडली. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा, त्याला सरकारने नेमावे, आणि त्याच्यावर निवडून आलेल्या करदात्यांची देखरेख असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या वेळी सभेत त्यांना फारसे कोणी वाखाणले नाही. १८७२ च्या कायद्याने जे आले ते बरेचसे याच धर्तीचे होते. ६४ सभासद, त्यांपैकी ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी, यांनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ झाले, त्यांत विद्यापीठ आणि व्यापारी मंडळ यांनाही प्रत्येकी दोन जागा मिळाल्या, आणि आयुक्त सरकारनियुक्तच राहिला. पालिका मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा आहे. ज्या रचनेवर आज टीका होते, तिच्या बाजूने सर्वांत आधी उभा राहिलेला माणूस तोच, हे तेथून जाताना आठवावे.

सभागृहाच्या अध्यक्षाला ‘महापौर’ ही पदवी १९३१ पासून मिळाली आणि जे. बी. बोमन-बेहराम पहिले महापौर झाले. त्यानंतर खुर्शेद नरिमन, मिनू मसानी अशी मोठी नावे या पदावर आली. मान वाढला, पण अधिकार वाढले नाहीत. महापौर सभागृह चालवतो, परदेशी पाहुण्यांचे स्वागत करतो आणि आणीबाणीच्या प्रसंगी घटनास्थळी पोहोचतो. निविदा, बदल्या, परवाने आणि अतिक्रमणावरची कारवाई यांची सूत्रे आयुक्तांकडे असतात आणि पैशाच्या मंजुरीची स्थायी समितीकडे. शिवाजी पार्कसमोरचा जुना बंगला बाळासाहेब ठाकरे यांच्या स्मारकासाठी दिल्यावर महापौरांचा मुक्काम भायखळ्याच्या राणीबागेतल्या बंगल्यात हलला, त्यावर शहराने विनोद बरेच केले, पण पदाच्या अधिकारांविषयी इतकी चर्चा कधी झाली नाही.

म्हणून या पद्धतीत सरकारचा ताबा महापौराच्या निवडीत शोधायचा नाही. तो आयुक्ताच्या नियुक्तीत आहे, आणि महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत नगरविकास विभाग काढतो, त्यातही थोडा आहे. १८८८ च्या कायद्यात एक कलम आहे, ज्याची आठवण नगरसेवकांनाही क्वचितच असते. एकूण सभासदांपैकी पाच-अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलावणे शासनावर बंधनकारक आहे. हे शस्त्र मोठे वाटते. प्रत्यक्षात ते किती धारदार आहे, हे शेजारच्या नवी मुंबईत दिसले. तेथे वेगळा कायदा लागू आहे, पण तरतूद अशीच आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. तरीही ते पदावर राहिले आणि त्यांची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये, शासनाला योग्य वाटले तेव्हा. मुंढे यांच्या कामाविषयी नवी मुंबईकरांत दोन तट होते आणि नगरसेवकांचे हेतू सगळेच निर्मळ होते असा दावा कोणी करणार नाही. तरी सभागृहाचे मत किती तोकडे पडते, हे त्या पाच महिन्यांनी दाखवून दिले.

याच पद्धतीचे दुसरे रूप कोलकात्यात आहे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या पुढाकाराने झालेल्या १९२३ च्या कायद्याने तेथे महापौर नगरसेवक निवडू लागले आणि मुख्य कार्यकारी अधिकारीही पालिकाच नेमू लागली, फक्त त्याला सरकारची मान्यता लागत असे. चित्तरंजन दास पहिले महापौर झाले आणि १९२४ मध्ये सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. मुंबईच्या तुलनेत हे फारच पुढचे पाऊल होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारने बोस यांना अटक करून पुढे मंडालेला पाठवले. नियुक्तीचा अधिकार हातून गेला, तेव्हा सरकारने तुरुंगाचा वापर केला. स्वातंत्र्यानंतर १९८० च्या कायद्याने कोलकात्यात महापौर परिषद आली. तीत महापौर आणि त्याचे सहकारी मंत्रिमंडळासारखे काम करतात आणि आयुक्त त्यांच्या हाताखाली असतो. मुंबईत आणि नागपुरात हाच प्रयोग १९९८ मध्ये झाला आणि वर्षभरातच गुंडाळला गेला. त्याला रुजायला वेळच मिळाला नाही, त्यामुळे ‘मुंबईत महापौर परिषद फसली’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही.

कोलकात्याची बाजूही सगळी उजळ नाही. मे २०२० मध्ये पालिकेची मुदत संपली, तेव्हा मावळते महापौरच प्रशासक मंडळाचे प्रमुख झाले आणि ते राज्याचे मंत्रीही होते. निवडणूक डिसेंबर २०२१ मध्ये झाली. राज्य आणि शहर एकाच पक्षाकडे असेल, तर कायद्यातले अंतर व्यवहारात पुसले जाते.

दिल्लीत मात्र अक्षरशः केंद्राचे सरकार आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे पालिकेची निवडणूक झाली, पण नायब राज्यपालांनी नेमलेल्या सदस्यांना महापौराच्या निवडणुकीत मत देता येते की नाही या वादात तीनदा सभा उधळली. नेमलेल्या सदस्यांना मताधिकार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितल्यावरच महापौर निवडला गेला. तोवर मतमोजणीला अडीच महिने होत आले होते.

थेट जनतेने निवडलेला महापौर

थेट निवडीची ताकद काय असते, याचा उत्तम दाखला पुन्हा सेऊलच आहे. जून १९९५ मध्ये तेथे महापौराची थेट निवडणूक परतली. २००२ मध्ये निवडून आलेल्या महापौरांनी शहराच्या मध्यातला उड्डाणरस्ता पाडून त्याखाली गाडलेला छॉनग्येछॉन ओढा २००५ पर्यंत मोकळा केला आणि पुढे तेच देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. इंडोनेशियात जोको विडोडो यांचा प्रवास सोलोचे थेट निवडलेले महापौर, जकार्ताचे राज्यपाल आणि राष्ट्राध्यक्ष असा झाला. तेथे २०१४ मध्ये मावळत्या संसदेने थेट निवडणूक रद्द करून पाहिली आणि लोकक्षोभामुळे राष्ट्राध्यक्षांना वटहुकूम काढून ती परत आणावी लागली.

मुंबईला अधिकारसंपन्न थेट महापौर का मिळत नाही, याचे उत्तरही यातच आहे. एवढ्या मोठ्या अर्थसंकल्पाचा आणि संपूर्ण शहराच्या मतांचा धनी असलेला महापौर कोणत्याही मुख्यमंत्र्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, डोईजड होईल. चेन्नईत १९९६ मध्ये एम. के. स्टॅलिन थेट निवडून आले. २००१ मध्ये पुन्हा निवडून आल्यावर विरोधी पक्षाच्या राज्य सरकारने आमदार आणि महापौर ही दोन पदे एकत्र ठेवण्यास बंदी करणारा कायदा केला आणि त्यांना महापौरपद गमवावे लागले. पुढे २००६ मध्ये थेट निवडच रद्द झाली.

महाराष्ट्रात हा खेळ नगराध्यक्षांच्या बाबतीत झाला आहे. २००१ मध्ये थेट निवड, २००६ मध्ये ती रद्द, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा रद्द आणि २०२२ मध्ये पुन्हा थेट. प्रत्येक सरकारने तत्त्वाची भाषा केली आणि प्रत्येकाने आपल्या पक्षाला कोणती पद्धत लाभते याचा हिशेब केला. निवडीची पद्धत बदलण्याचा अधिकार वरच्या सरकारकडे असणे, हाच ताब्याचा आजचा सर्वांत सोयीचा प्रकार आहे. त्याला माणूस नेमावाच लागत नाही.

थेट निवड म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे इस्तंबूलने दाखवले. तेथे १९६३ पासून महापौर थेट निवडले जातात. मार्च २०१९ ची निवडणूक विरोधी उमेदवाराने थोडक्यात जिंकली, तेव्हा ती रद्द करण्यात आली. जूनमधल्या फेरनिवडणुकीत तेच सुमारे आठ लाख मतांनी जिंकले. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक झाली आणि गृहखात्याने त्यांना पदावरून दूर केले. तुर्कस्तानच्या घटनेने चौकशी सुरू असलेल्या स्थानिक पदाधिकाऱ्याला तात्पुरते दूर करण्याचा अधिकार गृहमंत्र्याला दिलेला आहे, आणि दियारबाकिर, मार्दिन, वान या शहरांत २०१९ मध्ये निवडून आलेल्या महापौरांच्या जागी सरकारचे विश्वस्त बसवले गेले. फ्रान्समध्येही मंत्र्याला महापौर महिनाभर निलंबित करता येतो आणि मंत्रिमंडळाच्या आदेशाने काढता येतो. फरक इतकाच की तेथे हा अधिकार फार क्वचित आणि न्यायालयाच्या नजरेखाली वापरला जातो.

लंडनचा महापौर २००० पासून थेट निवडला जातो आणि वाहतुकीवर त्याची खरी पकड आहे. तरी कोविडच्या साथीच्या काळात प्रवासी घटून उत्पन्न बुडाले, तेव्हा सरकारने मदत देताना अटी लादल्या आणि महापौरांना त्या मान्य कराव्या लागल्या.

पदच नको

याशिवाय आणखी एक मार्ग आहे, आणि मुंबईकराने तो नुकताच अनुभवला आहे. पॅरिसला १८७१ च्या उठावानंतर १९७७ पर्यंत महापौरच नव्हता. निवडून आलेली परिषद होती, तिचा अध्यक्ष होता, पण कारभार सरकारच्या दोन प्रिफेक्टांकडे होता. आपल्या रचनेशी हे साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. १९७७ मध्ये पद परत आले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांच्या पसंतीच्या उमेदवाराला हरवून जाक शिराक महापौर झाले आणि पुढे त्याच खुर्चीवरून राष्ट्राध्यक्षपदी पोहोचले. लंडनची महानगर परिषद संसदेच्या समोर, नदीपलीकडच्या आपल्या इमारतीवर बेकारांची संख्या फलकावर झळकवत असे. थॅचर सरकारने १९८६ मध्ये ती परिषदच बरखास्त केली आणि चौदा वर्षे लंडनला शहरव्यापी निवडलेले सरकार नव्हते.

मुंबईत २०२२ ते २०२६ या काळात कायदा कोणी रद्द केला नाही. प्रभागांची संख्या, आरक्षण आणि न्यायालयीन तारखा यांत निवडणूक अडकून राहिली. कोणी कोणाला काढलेही नाही, फक्त पद रिकामे राहिले.

मग निवेदनात काय लिहावे

तुमची मुख्य तक्रार ‘खड्ड्याला, पाण्याला, बेकायदा बांधकामाला जबाबदार कोण’ ही असेल, तर केवळ थेट महापौराची मागणी करू नका. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात महापौर थेट निवडले जातात, पण आयुक्त राज्य सरकारच नेमते आणि सही त्याचीच चालते. अधिकार न देता थेट निवड दिली, तर शहरभर प्रचाराचा खर्च वाढेल, निवडून आलेल्याला लोकांच्या अपेक्षांचे ओझे मिळेल आणि फाइल तेथेच राहील. शिवाय महापौर एका पक्षाचा आणि सभागृहातले बहुमत दुसऱ्याचे, ही कोंडी नगरपरिषदांत पाहिलेली आहे.

तुमची चिंता फोडाफोडी आणि घोडेबाजार ही असेल, तर थेट निवडीला वजन आहे. अडीच वर्षांनी होणारी महापौराची निवड हा नगरसेवकांच्या पळवापळवीचा ठरलेला मुहूर्त असतो आणि थेट निवडीत तो जातो.

माझा कल कोलकात्याच्या महापौर परिषदेकडे आहे. सभागृहातून निवडलेला महापौर, त्याची पाच वर्षांची सलग मुदत, त्याच्या परिषदेकडे खात्यांची जबाबदारी, आणि सभागृहाच्या संमतीने येणारा व त्याच्या ठरावाने नक्की जाणारा आयुक्त. थेट निवड त्यानंतर आली तर तिला अर्थ राहील. आधी आली तर फार तर मोठ्या मिरवणुकीचा मानकरी मिळेल.

या मागण्या एकाच दारात न्यायच्या नाहीत, हे मात्र लक्षात घ्यावे. महापौराच्या निवडीची पद्धत ठरवणे राज्यघटनेच्या २४३-आर या अनुच्छेदाने राज्य विधिमंडळावर सोपवले आहे, म्हणून महापौर परिषद किंवा थेट निवड यांसाठी निवेदन आमदारांकडे आणि नगरविकास विभागाकडे जाईल आणि १८८८ च्या कायद्यात दुरुस्ती लागेल. आयुक्ताच्या नियुक्तीचे कलमही त्याच कायद्यात आहे, त्यामुळे ते त्याच निवेदनात घालता येईल. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी यासाठी मात्र नव्या कायद्याची गरज नाही. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीतल्या २४३-यू या अनुच्छेदात पाच वर्षांची कमाल मुदत आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण करण्याची सक्ती स्पष्ट लिहिलेली आहे. तेथे राज्य निवडणूक आयोगाकडे आणि गरज पडल्यास उच्च न्यायालयाकडे वेळेवर जावे लागेल, आणि ‘वेळेवर’ म्हणजे मुदत संपायच्या वर्षभर आधी. मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारी दुरुस्ती विधिमंडळाने केली. ती मागे घ्यावी, हा मुद्दा निवेदनात महापौराच्या मुद्द्याच्याही वर घालावा, कारण प्रभागांची आखणी झाल्याशिवाय निवडणुकीची तारीख लागत नाही.